उजव्या कुशीवरचा हात

“...आणि म्हणे ती अजून त्या डब्यात बोलते! कुणी बटण दाबलं की आधी—”

तेवढ्यात वरून चपला वाजल्या आणि जिन्यातल्या दोघी बायका गप्प झाल्या. पुढचं राहूनच गेलं. दाराआड मी कानात प्राण आणून ऐकत होतो, कारण तो डबा म्हणजे मीच. टेबलावरचा जुना कॉम्प्युटर.

मला या घरात आणलं ते बाईंनी. लहान मुलांच्या गोष्टी सांगून त्या माझ्यात साठवायच्या. दुपारी नवरा कामावर, लेक झोपलेली. बाई खिडकी लावायच्या, आवाज नको म्हणून पंखाही बंद करायच्या आणि घाम पुसत पुसत राक्षसाचा आवाज काढायच्या. लेक उठली की गोष्ट पहिल्यांदा तिला ऐकवायच्या.

मला तेव्हापासूनच एक खोड. सुरू होताना निम्म्यात अडायचो. पडद्यावर कंपनीचं चिन्ह उमटायचं आणि गाडी तिथेच थांबायची. “झाले का नखरे सुरू?” म्हणत बाई माझ्या उजव्या कुशीवर दोनदा थोपटायच्या. थप, थप. की मी निघालो.

पुढे बाई आजारी पडल्या आणि पुन्हा या टेबलाशी आल्याच नाहीत. लेक तेव्हा बोबडं बोलत होती.

त्यानंतर बाबा कधीतरी माझ्यासमोर बसायचे, बटण दाबायचे आणि मी अडायचो. अडलेला असतो तेव्हा मी मेलेला नसतो बरं. समोरच्याचा चेहरा माझ्या काचेत दिसतो, त्याच्यामागची रिकामी खोली दिसते. आतली तबकडी, म्हणजे डिस्क, टक्... टक्... करत राहते. ती टकटक भिंतीपलीकडे शेजाऱ्यांना ऐकू गेली आणि तिथे तिचं ‘बाईंचं बोलणं’ झालं. शेवटी बाबांनी माझी वायर काढली आणि माझ्यावर जुनी चादर टाकली.

चादरीखाली कधी कधी उजव्या कुशीला ऊब लागायची. मी मनाशी म्हणायचो, ऊन आलं असेल. पण त्या बाजूला ऊन येतच नाही.

लेक कॉलेजात जायला लागली. एक दिवस बाबा म्हणाले, “देऊन टाकू भंगारात. उगाच लोकांच्या तोंडाला विषय.”

“बाबा, आईचा आवाज फक्त याच्यात आहे. तुम्हाला आठवतो?”

बाबा बराच वेळ चष्मा पुसत बसले. “शब्द आठवतात गं. आवाज नाही आठवत.”

दुसऱ्याच दिवशी तिने दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने प्रिंटर काढला, स्पीकर काढले, मला पार उघडाबोडका करून बटण दाबलं. अडलो. मेमरीची पट्टी काढून खोडरबराने घासली. तरी अडलो.

“डिस्क घडीत दिसते, घडीत गायब,” तो म्हणाला. “नवी टाकून घ्या. जुनीतलं गेलं असं समजा.”

लेकीचा हात माझ्या डोक्यावर होता. तिने तो काढला नाही.

तेवढ्यात वरच्या काकू, जिन्यातल्या त्या दोघींतल्याच एक, कात्री मागायला आल्या. कात्री मिळाली तरी दारातून हलेनात. “का हो, पण त्याला थोपटलंत का?”

“काकू, मशीन आहे हे. म्हैस नाही.”

“हसा! मी काही कुणाच्या घरात डोकावत नाही. पण जिन्यावरून यांची खिडकी समोरच, काचेतून दिसायचं. ती उजवीकडे, हं, तिथेच, अशी दोनदा थोपटायची.”

लेकीने थोपटलं. थप, थप.

पडदा पुढे सरकला.

“एक मिनिट,” म्हणत दुरुस्तीवाल्याने मला बंद केलं आणि माझी उजवी कूसही उघडली. डिस्कची केबल खाचेत सैल बसली होती. धक्का लागला की टेकायची. त्याने नवी केबल लावली, खटकन बसवली. “हे घ्या तुमचं भूत. वीतभर वायर!”

काकूंचा चेहरा पडला. मी या खेपेला न अडता सुरू झालो. लेकीने स्पीकर जोडून पहिलीच गोष्ट लावली.

“एक होता राक्षस. त्याला ना, अंधाराची फार भीती वाटायची...”

“असाच,” बाबा म्हणाले. “थोडा नाकातला.” हसायला गेले आणि त्यांना हसता येईना.

“म्हटलं नव्हतं, बोलते म्हणून?” काकू पदराने डोळे टिपत म्हणाल्या.

“काकू, रेकॉर्डिंग आहे ते.”

“असेना! बोलतेय ना?”

तर जिन्यातलं ते बोलणं अर्धंच खरं निघालं. बाई माझ्यात बोलतात, पण ते सगळं त्यांनीच साठवून ठेवलेलं.

आता माझी तब्येत ठणठणीत आहे. केबल घट्ट आहे, थोपटायची कुणाला गरज नाही. तरी रोज सुरू होताना, पूर्वी अडायचो नेमक्या त्या जागी, उजव्या कुशीवर हात पडतो. थप, थप. लेकीचे दोन्ही हात तेव्हा कीबोर्डवर असतात. माझ्या सगळ्या अंगावर धूळ बसते, तिथे तळव्याएवढी जागा मात्र स्वच्छ राहते. लेकीला वाटतं बाबांनी पुसली, बाबांना वाटतं लेकीने.

बोलणं माझ्यात साठवलेलं आहे. थोपटणं मी कधीच साठवलं नव्हतं.

माझं एवढंच ऐका. चादर पुन्हा घालू नका, आणि माझ्या उजवीकडे काही ठेवू नका. हात पोचेल एवढी जागा मोकळी असू द्या.