माजघरातलं धावणं

पुंजाराम भातकुली सोडून अमरावतीला यायला तयार झाला, तो आपल्या कुत्र्याला, भुंग्याला, बरोबर आणू दिलं म्हणूनच. अमेरिकेतल्या लढाईमुळे वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला होता. त्याच्या मुलानं, उत्तमरावानं, शेत गावीच राहिलेल्या नत्थुजीकाकाच्या हवाली केलं आणि पेठेत घर घेऊन कापसाचा व्यापार मांडला. म्हाताऱ्याचा एक गुडघा अधू होता. त्याला एकटं कुठं ठेवायचं? सून रुख्मिणी एवढंच म्हणाली, "येऊ द्या कुत्र्याले, मामाजी. पण माजघरात घाण नोको."

भुंग्या रानातला कुत्रा. डुकरांमागं बांधांवरून उड्या टाकत जायचा. पण ते आले त्याच उन्हाळ्यात पेठेत कुत्री पिसाळली आणि लाठीवाले दिसेल त्या कुत्र्याला मारत सुटले. भुंग्याचं दाराबाहेर जाणं बंद झालं. मग तो रात्रभर कण्हायचा, दार ओरबाडायचा, सारवलेली जमीन उकरायचा. रुख्मिणी वैतागून गेली.

एका सकाळी पुंजाराम काठी टेकत उठला. त्यानं चार टोपल्या पालथ्या घातल्या, एकीखाली भाकरीचा तुकडा लपवला आणि म्हणाला, "हुडक!" भुंग्यानं नाक जमिनीला लावलं. तिथून रोजचा खेळ सुरू झाला. दोन पाटांवर तुराटी आडवी ठेवून तिच्यावरून उडी. चिंध्यांचा चेंडू दारापासून चुलीपर्यंत. जुन्या दोराची ओढाओढ, त्यात म्हातारा बाजेचा खूर धरून हसत ओढायचा. तुकडा लपवायला तो स्वतःच या टोकाहून त्या टोकाला जायचा, वाकायचा, पुन्हा यायचा. खेळ संपला की भुंग्या धापा टाकत त्याच्या पायांवर हनुवटी ठेवून झोपी जायचा.

"पुन्हा सारवा लागते मले," रुख्मिणी कुरकुरायची. पण पहिल्या भाकरीचा कोर ती गुपचूप बाजूला ठेवू लागली होती.

दिवाळीनंतर कापूस आला. गोदाम भरलं, म्हणून उत्तमरावानं माजघरात बोजे रचले, पार आढ्यापर्यंत. चुलीकडे जायला एक बोळ तेवढी राहिली. तो स्वतः सौद्यांसाठी अकोल्याला गेला आणि घराचा भार रुख्मिणीवर पडला.

"सूनबाई, वसरी तेवढी मोकळी ठिव," म्हातारा म्हणाला. "सकाळचा थोडा येळ. कुत्रं बसून खराब होते."

"थ्या जागी व्यापारी बसतेत, मामाजी. हंगाम सरू द्या."

भुंग्याला खांबाला बांधलं. तो पुढचा पाय चाटत बसे. चाटून चाटून कातडं सोललं. एक दिवस त्यानं दोर तोडून बोजा फाडला, आणि बाहेरून आलेल्या व्यापाऱ्यासमोर ओसरीभर कापूस पसरला. व्यापारी हसला, रुख्मिणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुपारी म्हातारा झोपला असताना भातकुलीला परतणाऱ्या रिकाम्या बैलबंडीत तिनं कुत्र्याला चढवून दिलं.

पुंजाराम उठला. "भुंग्या कुठी हाय?"

"काकाजीकडे धाडला. तिथं मोकळा राईल."

म्हातारा रागावेल म्हणून ती तयारीत होती. तो खांबाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "बरं केलं." तो रागानं चार शब्द बोलला असता तर तिला सोपं गेलं असतं.

त्यानंतर म्हाताऱ्याला उठायला निमित्त उरलं नाही. तो बाजेवर पडून राही. संक्रांतीपर्यंत मागच्या दारी जायलाही त्याला तिचा खांदा लागू लागला. वैद्यानं गुडघा दाबून पाहिला आणि विचारलं, "असा गुडघा घेऊन हे आतापर्यंत चालत कसे होते?"

रुख्मिणीच्या हातातला तांब्या तसाच राहिला. कोण कोणाला चालवत होतं, हे तिला तेव्हा कळलं.

कापूस बंड्यांतून निघून गेला. माजघर पुन्हा मोकळं झालं. "उठा मामाजी, जरा फिरू," म्हणत ती त्याला हात द्यायची. दोन फेऱ्या झाल्या की तो "बस झालं" म्हणायचा. शेवटी तिनं विचारलं, "भुंग्याले वापस आणू काय?"

"नोको वं पोरी. रानात हाय तं राहू दे. पुन्हा कोंडू नोको त्याले. तू फक्त पाहून ये."

ती भातकुलीला गेली. बंडी ओळखून भुंग्या शेताच्या धुऱ्यावरून धावत आला. पाय बरा झाला होता, अंग भरलं होतं. त्यानं तिचा हात हुंगला, शेपटी हलवली, आणि एकदम बंडीत उडी मारली. तणस उकरलं, खाली उतरून दोन्ही चाकं हुंगली, बंडी आली त्या वाटेनं थोडा पळत गेला आणि तिथंच मान वर करून उभा राहिला.

"डुकरं रानात पाय ठेवत नाईत आता," नत्थुजी कौतुकानं सांगत होता. रुख्मिणीला मान वर करवेना.

संध्याकाळी म्हातारा वाटच पाहत होता. "धावते काय?"

"धावते, मामाजी. साऱ्या रानात धावते."

"मंग झालं."

वाटेवर उभ्या राहिलेल्या कुत्र्याचं तिनं सांगितलं नाही. त्याच्या गुडघ्यावर पांघरूण सारखं केलं आणि चूल पेटवायची वेळ झाली तरी ती बाजेच्या पायथ्याशी बसून राहिली.