जावयाचे बूट

माझे पाय आणि धाकट्या राजपुत्राचे पाय एकाच मापाचे. एवढ्या एका गुणावर मी महालात अकरा वर्षं नोकरी केली. त्याचे नवे बूट आले की आधी पंधरा दिवस मी घालायचे, कातडं मऊ करायचं, टाचांना फोड आणायचे. मग स्वारी ते घालणार. लोण्याचे पाय मेल्याचे.

आणि हेच ध्यान माझ्या मुलीच्या प्रेमात पडलं. ती महालात चादरींना इस्त्री करायची. लग्न ठरलं तशी बायको हरखून गेली. मला मात्र एकच हवं होतं. लग्नाच्या दिवशी मुलीला हाताला धरून मी नेणार.

महालाचा कारभारी घरी आला. खुर्ची रुमालानं झटकून बसला. "मुलीला राजपुत्रांचे काका आणतील," म्हणाला. "तुम्ही दोघं वरच्या सज्जात, खांबामागे." मग पिशवीतून खोका काढला. "आणि हे लग्नाचे बूट. नेहमीप्रमाणे."

असला निर्लज्जपणा मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. सासरा नको, सासऱ्याचे पाय मात्र हवेत.

मुलगी म्हणाली, "बाबा, माझ्यासाठी घाला. त्यांना खरंच टोचतात."

तिच्या तोंडाकडे बघून हो म्हटलं, पण बूट काही घातले नाहीत. घातल्यासारखे दिसावेत म्हणून बुटांचे तळ विटेवर घासले, वरून तेल चोळलं आणि दिले पाठवून.

लग्नात जावईबापू तिसऱ्या पावलालाच लंगडायला लागले. खांबाआडून मान वाकडी करून मी ते डोळे भरून पाहिलं. दारापर्यंत मुलीनंच त्याला धरून नेलं. तिनं एकदाही वर पाहिलं नाही.

त्यानंतर पाच महिने ना चिठ्ठी, ना निरोप. मुलगी भेटायला बोलावेल म्हणून बायकोनं बाहेर जायचे कपडे धुऊन घडी करून ठेवलेले. गेल्या आठवड्यात महालाचा गाडीवान एक खोका देऊन गेला. बायकोनं घाईघाईनं उघडला. आत बायकांचे पांढरे, कोरे बूट. सोबत मुलीच्या अक्षरातली चिठ्ठी: "आई, तुझं माझं माप एकच आहे. पंधरा दिवस घालून पाठव. बाबांच्या हाती देऊ नकोस."

"टाक ते शेगडीत," मी म्हटलं.

"तुम्ही गप्प बसा. तुमच्यामुळेच पाच महिने गेले," बायको म्हणाली आणि तिथंच बसून तिनं बूट पायात चढवले.

आज सातवा दिवस. टाचेला फडकं बांधून ती स्वयंपाकघरात फेऱ्या मारतेय.