चार बटणांचा प्रोग्रॅम

मी शाळेच्या संगणक कक्षातला, भिंतीकडेचा जुना संगणक बोलतोय. माझा पंखा घरघरतो, म्हणून माझ्यापुढे कुणी आपणहून बसत नाही. त्याचं मला काही वाटत नाही. कशाचंच फारसं वाटत नाही.

मुलं यायची, बाई शिकवायच्या. आकडे शून्य आणि एकात कसे मांडायचे, 'असं असेल तर हे कर, नाहीतर ते' कसं लिहायचं, तेच काम पुन्हा पुन्हा कसं करून घ्यायचं. हे शेवटचं तर माझ्या अंगवळणीच पडलंय.

दहावीतली एक मुलगी मात्र रोज माझ्याकडेच यायची. ती चकार शब्द काढत नसे, म्हणून सगळे तिला घुमी म्हणत. तिच्या आईची अर्धांगवायूने वाचा गेली होती. डावा हात तेवढा चालायचा. वर्षाच्या प्रकल्पात घुमीने आईसाठी प्रोग्रॅम लिहिला. पडद्यावर चार बटणं: पाणी, भूक, दुखतंय, बसवा. दाबलं की माझ्यातून घुमीचा कोरडा आवाज यायचा.

एका शनिवारी वडील आईला चाकाच्या खुर्चीतून घेऊन आले. घुमीने तिच्या हाताखाली माउस ठेवला.

"दाब ना गं आई."

आईने चारही बटणांवरून बाण फिरवला आणि हात काढून घेतला.

"ही बटणं कुणी ठरवली?" बाईंनी विचारलं.

"मीच."

"आईला विचारलंस?"

"ती बोलत नाही बाई. कसं विचारू?"

"मान तर हलवते. एकेक विचार की."

घुमी विचारत गेली. थंडी वाजते? गाणी लावू? मावशीला बोलावू? आई नाही नाही म्हणत राहिली. मग पडद्याकडेच बघत घुमी म्हणाली, "थकलीस?"

आईने होकारार्थी मान हलवली.

घुमीने पाचवं बटण केलं, माइकमध्ये दोन शब्द बोलली. आईने लगेच दाबलं.

"मी थकले," घुमीचा आवाज आला.

वडिलांनी आईकडे नाही, लेकीकडे पाहिलं. "तूही का गं?"

आईने पुन्हा तेच बटण दाबलं.

आता आईची सकाळची उठबस घुमीऐवजी वडील करतात. त्यांनी घरी एक जुना लॅपटॉप आणलाय. पुढच्या आठवड्यात मला पुसून अडगळीत टाकणार आहेत. टाका. फक्त तो प्रोग्रॅम आधी त्या लॅपटॉपवर उतरवून घ्या. त्यात परवाच आईने मागितलेलं सहावं बटण आलंय. त्यावर आवाज वडिलांचा आहे: "पोरी, पड तू जरा. मी आहे."