रविवारी संध्याकाळी पाऊस

कार्तिक सरत आला होता, आभाळ कसं धुऊन काढल्यागत निळं. तरी बसव्वा दिवसातनं दहादा मोबाईलवर हवामान बघायची आणि एकटीच हसायची. रविवार संध्याकाळ, कोल्हापूर जिल्हा: विजांसह जोरदार पाऊस. 'खोटा पडू नगंस रे बाबा,' असं ती त्या मोबाईललाच विनवायची.

कारण रविवारी सिद्धाप्पाच्या पोराचं, अमरेशचं लग्न होतं, तेही उघड्या लॉनवर. याच अमरेशशी तिच्या विद्याश्रीचा साखरपुडा झाला होता. मग कागलच्या कारखानदाराची पोरगी सांगून आली आणि सिद्धाप्पाची नियत फिरली. "पोरीला फिट येते," असं त्यानं साऱ्या पै-पावण्यांत पसरवून ठरलेलं मोडलं. धडधाकट पोर हो! तेव्हापासून तिला बघायला चिटपाखरू फिरकलं नाही. बसव्वाच्या काळजाची नुसती आग आग होत होती.

लॉनला लागूनच बसव्वाचं मंगल कार्यालय. रविवारसाठी एक बारसं आलं, तिनं सरळ हाकलून लावलं.

"हॉल रिकामा ठेवून काय करणार हाईस, अव्वा?" विद्याश्रीनं विचारलं.

"वाट बघणार हाय."

मांडववाल्यानं सिद्धाप्पाला वर पत्रा घालायचं सुचवलं होतं. पण हा शहाणा म्हणाला, "थंडीच्या दिवसांत कुठला आलाय पाऊस?"

रविवारी अक्षता पडायच्या ऐन वेळी जोतिबाच्या डोंगराकडनं अंधारून आलं आणि असा कोसळला म्हणता! झालरी लोंबल्या, स्टेजवर तळं साचलं, पावणं खुर्च्या डोक्यावर घेऊन उभं राहिलं. सिद्धाप्पा धावत बसव्वाच्या दारात. फेट्याचा रंग गालांवरनं ओघळत होता.

"आक्का, दार उघड! मुहूर्त टळतोय. मागशील ते भाडं देतो."

बसव्वानं आधीच बाहेर काढून ठेवलेला हॉलचा माइक त्याच्या हातात ठेवला. "भाडं नगं. माझ्या पोरीबद्दल खोटं बोललो, एवढं सगळ्यांना सांग. मग कुलूप काढते."

"एवढ्या माणसांत?"

"तवा एवढ्याच माणसांत सांगितलंतंस की!"

त्यानं वळून बघितलं. नवरी प्लॅस्टिकच्या कागदाखाली कुडकुडत होती. त्यानं माइक तोंडाशी धरला.

"बसव्वाच्या विद्याश्रीला कसला आजार न्हाय," हॉलचा भोंगा लॉनभर घुमला. "लग्न मोडायचं होतं, म्हणून मी खोटं बोललो."

मागं उभी असलेली विद्याश्री ओढणी तोंडाला लावून ढसाढसा रडली. बसव्वा रडली नाही. तिनं कुलूप काढलं. माणसं लोटालोटी करत आत घुसली.

नवरीचा बाप तेवढा पावसातच थांबला. मग पुढं होऊन त्यानं सिद्धाप्पाच्या हातातनं माइक ओढून घेतला.

"आणि उद्या आणखी मोठं घर सांगून आलं, की आमच्या पोरीला कुठला रोग लावणार हाईसा, पावणं?"

आत शिरलेली माणसं परत दाराशी गोळा झाली. अमरेश मुंडावळ्या सावरत जमिनीकडं बघत राहिला. काहीतरी बोल, सावरून घे, अशा नजरेनं सिद्धाप्पा बसव्वाकडं बघायला लागला. ती नजर तिनं पोटभर बघून घेतली.

"बोला की निवांत," ती म्हणाली. "हॉल सकाळपातूर तुमचाच हाय."