गाडी तळाशी गेली

मी ब्लॉग बोलतोय. हौस म्हणून नाही, बोलायला लावलं म्हणून. वंदनाबाई सकाळपासून मागं लागली आहे, "बंद करायच्या आधी तुझं तू एकदा सांगून टाक." सांगून काय होणार बाप्पा? आजवर माझ्यावर एवढं लिहिलं गेलं, त्यातलं शेवटपर्यंत किती जणांनी वाचलं? पण ही बाई चिवट. म्हणून सांगतो. लांबण लावणार नाही. लांबण लावूनच माझं वाटोळं झालं.

ब्लॉग म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही त्यानं भिंतीवरचा फळा समजावा. फरक एवढाच, की हा फळा देऊळगाव राजात लिहिला तरी दुबईत दिसतो. त्याचा दुबईला काही उपयोग नाही, तो भाग वेगळा.

माझं नाव 'गाडी आली का?'. मला लिहिणारा पंजाबराव. बसस्टँडासमोर त्याची चहाची टपरी. शाळा चौथीत सुटली, तोंड मात्र तेव्हापासून कायमचं सुटलेलं. त्याचंच बोलणं ऐकून मी वाढलो, म्हणून माझी जीभ अशी खरखरीत. आणि मी त्याला अरे-तुरे करतो, कारण माझ्या जातीत पाच वर्षं म्हणजे म्हातारपण. आम्ही दोघं बरोबरीचे.

त्याच्या टपरीवर दिवसभर एकच प्रश्न. जालन्याची गेली का? बुलढाण्याची कुठंवर आली? ड्रायव्हर-कंडक्टर त्याच्याकडंच चहा पीत, त्यामुळं कोणती गाडी कुठं अडकली हे त्याला माहीत असायचं. तो सांगायचा, पण सांगताना खेकसायचा. एक दिवस वंदनाबाईनं, म्हणजे त्याच्या सुनेनं, फोन त्याच्या तोंडासमोर धरला.

"मामाजी, लोकाईले दिवसभर तेच सांगता. एकदा यात बोला. बोललं की लिहिल्या जाते."

"बोललं की आपोआप लिहिते? आतमधी कोन बसलं हाय लिवायले?"

"कोनी नाही. तुमी बोला तं खरं."

तो बोलला आणि मी जन्मलो. माझं पहिलं वाक्य मला अजून पाठ आहे: "बुलढाण्याची सकाळची गाडी येऊन राह्यली, पण भरून येऊन राह्यली. लेकरूबाळ असन तं दुसरीनं जा." दुसऱ्या दिवशीचं असं: "जालन्याच्या गाडीले डाव्या बाजूची एक काच नाही. थंडी हाय. कानाले बांधून बसा."

बस. एवढंच. वर नमस्कार नाही, खाली धन्यवाद नाही.

तेव्हा माझे वाचक थोडे होते, पण पक्के. सिंदखेड राजाकडचे एक मास्तर, बाजाराला येणाऱ्या चार बाया, कॉलेजच्या पोरी, आणि शेजारचा सईद गादीवाला. सईद कापूस पिंजून गाद्या भरतो. त्याच्या दुकानात पंजाबरावाचा चहा दिवसातून कितीदा जायचा याला सुमार नव्हता. लोक म्हणायचे, "पंजाबरावानं टाकलं ना? मंग येतेच गाडी." असं कोणी म्हणालं की म्हातारा उगाच किटलीवर फडकं मारायचा. त्याला आवडायचं ते. मलाही आवडायचं. मी सांगून काय सोनं देत होतो? पण ज्याला जायचं तो पोचत होता.

मग गजेंद्र आला. म्हणजे तो घरातच होता, वंदनाबाईचा नवरा. मोबाईलची कव्हरं विकायचा. तो जालन्याला एका दिवसाच्या शिबिराला गेला, 'ब्लॉगमधून घरबसल्या कमाई'. परत आला तो गळ्यात शिबिराच्या बिल्ल्याचा पट्टा आणि डोक्यात वारं घेऊन.

"बाबा, तुमी सोन्याच्या खाणीवर चहाची टपरी टाकून बसले!"

"खानीत काय चहा विकू नाही?"

गजेंद्रनं माझ्या अंगावर जाहिराती चिकटवल्या. डोक्यावर केसांचं तेल, पोटावर गुडघ्याचं मलम, पायाशी बियाणं. कोणी जाहिरातीवर बोट ठेवलं की पैसे मिळणार होते. आता आमच्याकडं असं आहे, की घरातलं काम निघालं की माणसांची कमी नाही. मेव्हण्याचं लग्न होतं. पत्रिकेवर छापलं होतं, आहेर आणू नये. गजेंद्र पंगतीतून फिरला.

"मावशी, आहेर तं देला नाही ना? मंग या जाहिरातीवर एक बोट ठेवा. तोच आहेर."

एका म्हातारीच्या बोटाला कुंकू होतं. ती म्हणाली, "कुठी लावू? ह्या बाईच्या कपाळाले लावू का?" तेलाच्या जाहिरातीत बाई होती. लावलं तिनं. फोनची काच लाल झाली. सगळा मांडव रांगेनं मला टोचून गेला. पाहुण्याला नाही म्हणायची आमची रीत नाही, आणि टोचायला काही खर्च नाही.

दोन दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. एकाच जागेवरून एवढी बोटं कशी पडली? हे खोटे वाचक आहेत. पैसे बंद, खातं बंद. गजेंद्र म्हणाला, "खोटे कसे? सगळे सख्खे होते."

इथंच थांबला असता तर मी आज बोललो नसतो. पण त्यानं दुसरी कंपनी शोधली. ती बोटांवर पैसे द्यायची नाही. माणूस जितका वेळ थांबेल तितकं द्यायची. शिबिरातल्या सरांनी त्याला सांगितलंच होतं: वाचक म्हणजे पाहुणा, आल्याबरोबर चहा दिला तर तो पिऊन निघून जातो, आधी बसवायचं, गप्पा मारायच्या, चहा शेवटी.

आणि माझी गाडी तळाशी गेली.

पंजाबराव सकाळी पूर्वीसारखाच दोन वाक्यं बोलायचा. गजेंद्र त्याच्या वर पसारा मांडायचा. मथळा असा: 'देऊळगाव राजाच्या प्रवाशांनो सावधान! आज जालन्याच्या गाडीबाबत जे घडलं ते वाचून थक्क व्हाल!' खाली 'प्रवास म्हणजे काय?'. मग 'प्रवासाचे फायदे'. मग 'बसमध्ये खिडकीजवळ का बसावे?'. मध्ये तेल. मग 'जालना शहराची ओळख'. मध्ये मलम. आणि पार खाली, जिथं अंगठा थकून जातो तिथं, पंजाबरावाची दोन वाक्यं. तीही धुऊन-पुसून. 'येऊन राह्यली' कापून 'येत आहे' केलेलं. कारण पुण्याचे लोक हसतात.

पंजाबरावानं पहिल्या दिवशी पाहिलं तेव्हा भडकला.

"माही गाडी कुठी गेली बे?"

"हाय ना बाबा, खाली हाय."

"आधी गाडी सांग, मंग तुही गंमत सांग. स्टँडावर कोनाले टाईम हाय एवढा?"

 गजेंद्रनं फक्त आकडा दाखवला. कुठं ते पन्नास-साठ, कुठं हे हजार. नकाशा दाखवला. त्यावर ठिपके होते.

"हा कोनता?"

"दुबई."

"तिथल्या मान्साले इथली गाडी काय करायची?"

पण हे त्यानं हळू आवाजात विचारलं. दुसऱ्या दिवसापासून चहा गाळता गाळता गिऱ्हाइकांना सांगायला लागला, "माहं दुबईत वाचतात." सकाळी उठला की दात घासायच्या आधी विचारायचा, "वंदना, आज किती आले?" वंदनाबाई एकदा म्हणाली, "मामाजी, आपले मास्तर येत नाहीत आता वाचायले." तो म्हणाला, "एक मास्तर गेला तं काय, हजार आले." माणसाला गर्दी दिसली की ओळखीचं तोंड दिसत नाही. हे मी रोज पाहिलंय.

पुढं तर त्यानं टपरीला पत्रा लावला: 'गाडीची चौकशी येथे करू नये. ब्लॉगवर पाहावे.' जो म्हातारा विचारायच्या आधी सांगायचा, त्यानं सांगणंच बंद केलं. कारण तोंडानं सांगितलं तर वाचक वाढत नाही.

आता आसमाचं सांगतो. ही सईद गादीवाल्याची मुलगी. टपरीवरच्या बाकड्यावर बसून मोठी झाली. तिचा नर्सिंगच्या कोर्सला नंबर लागला होता. जालन्याला कागद घेऊन ठरलेल्या वेळेच्या आत हजर राहायचं, नाही तर जागा पुढच्या मुलीला. सईदनं त्या आनंदात सबंध स्टँडाला चहा पाजला होता, पंजाबरावाच्याच टपरीवरून.

त्या दिवशी स्टँडाच्या तोंडाशी नाली खोदलेली. गाडी आत येणार नव्हती. पंजाबराव सकाळी मला सांगून गेला होता, अगदी नीट: "जालन्याची गाडी आज स्टँडात येत नाही. पुलापाशी उभे राहा." ते माझ्याकडं होतं. तळाशी होतं.

आसमा कागदांची पिशवी छातीशी धरून टपरीसमोर आली.

"काका, जालन्याची गाडी इथंच लागन ना?"

म्हाताऱ्याला एक शब्द बोलायचा होता. पूल. बस.

तो हसला. लाडानं हसला, हे सांगतो, वाईट मनानं नाही. "पाह्य ना बाई ब्लॉगवर. तेवढाच एक वाचक वाढते."

"सांगा ना काका, घाई हाय."

"अवं, सगळं हाय त्याच्यात. पाह्य तं."

तिनं मला उघडलं. मी तिच्या हातात होतो, म्हणून मला सगळं माहीत आहे. 'थक्क व्हाल' आलं. 'प्रवास म्हणजे काय' आलं. तिचा अंगठा भराभरा चालला होता. जाहिरात मध्येच सरकली, अंगठा तेलावर पडला, तेलवाल्यांचं दुकान उघडलं. ती मागं आली, तर मी पुन्हा पहिल्यापासून. स्टँडावर रेंज कमी, चाक फिरतंय. प्रवासाचे फायदे. खिडकीजवळ का बसावे. मला ओरडून सांगायचं होतं, पोरी, खाली बघू नको, पुलाकडं पळ. पण मी फळा. फळ्याला आवाज नसतो.

ती तळाला पोचली, वाचलं, आणि पळत सुटली. पुलापाशी पोचली तेव्हा गाडी वळणावर दिसेनाशी होत होती.

पुढच्या गाडीनं गेली. तोवर तिथली यादी पुढं सरकली होती. वर्ष गेलं.

संध्याकाळी सईद आला. ओरडला नाही. बाकड्यावर बसलाही नाही. "पंजाबभाऊ, पोरगी तुमच्या सामने उभी होती. तुम्ही तिला बोलले नाही?"

टपरीवर माणसं होती. पंजाबरावानं सगळ्यांकडं पाहिलं. मग किटली खाली ठेवली आणि म्हणाला, "मले काय मालूम तिले कुठं जायचं होतं? त्या ब्लॉगानं घोळ केला. त्या मशीनचा काय भरोसा सईदभाई? मी तं सकाळीच सांगून देलं होतं त्याले."

मशीन म्हणाला मला. ज्याला स्वतःच्या थुंकीनं घडवलं, त्याला मशीन म्हणाला. आणि तिनं विचारलं होतं, हे गिळून बसला.

सईद एवढंच म्हणाला, "अच्छा." आणि गेला. तेव्हापासून तो चहा प्यायला स्टँडाच्या पलीकडं जातो. टपरीसमोरून जातो, पण मान सरळ ठेवून.

गजेंद्रनं मात्र एक केलं. वंदनाबाईनं त्याला जेवायला वाढलं नाही, तेव्हा तो उठला आणि सईदच्या घरी गेला. उंबऱ्यात उभा राहून आसमाला म्हणाला, "बहिनी, माह्यामुळं झालं. गाडी म्याच खाली नेली." आसमा रडत होती. सईदच्या बायकोनं, अजीजुन्निसानं, त्याला पाणी दिलं. जाहिराती त्यानं त्याच आठवड्यात काढल्या. वंदनाबाईनं गाडी परत पहिल्या ओळीत आणली. पण लोक परत आले नाहीत. हजारवाले निघून गेले, ते कधी आपले नव्हतेच. आणि पन्नासवाले एकदा चुकले ते चुकले. हळूहळू पंजाबरावानं फोनसमोर बोलणंच सोडलं. पत्रा गंजून लोंबतोय, तोही काढत नाही.

यंदा आसमाचा बुलढाण्याला नंबर लागला. ती गेली तेव्हा वंदनाबाई टपरीत होती आणि मी तिच्या हातात. आसमा पेटी घेऊन स्टँडावर उभी. म्हाताऱ्यानं चहाचा कप भरला, रस्ता ओलांडला, तिच्यासमोर उभा राहिला.  मला वाटलं, आता बोलतो.

"गाडी येऊन राह्यली," तो म्हणाला.

"हो काका, दिसून राह्यली."

तिनं चहा घेतला. रिकामा कप हातात देऊन गाडीत चढली. तो तिथंच उभा राहिला, रस्ता ओलांडायचं विसरून.

आता माझं वर्ष भरत आलंय. माझं नाव राखायला पैसे भरावे लागतात, ते कोणी भरणार नाही, आणि भरावेत असं मी म्हणतही नाही. मी थकलो. माझं मागणं एकच. त्यानं एकदा फोन तोंडाशी धरावा आणि तिनं विचारलं होतं, मी सांगितलं नाही, एवढं बोलावं. सईद अजून मला उघडतो, रोज, गुपचूप. मला दिसतं. तो वाचेल.

गजेंद्र मोकळा झाला. राहिला तो एक, ज्यानं चारचौघांत स्वतःची चूक माझ्या अंगावर लोटली. तिची माफी तो मागेल तेव्हा मागेल. माझीही बाकी आहे. सगळ्यात महत्त्वाचं तळाशी ठेवायची सवय मला त्याच्याच घरानं लावली, म्हणून नाव इथं खाली ठेवतो.

पंजाबराव.