अंब्रुशकाकाची न वाजलेली घंटा

बसा मित्रांनो, त्या खालच्या पायरीवर बसा. वरची कबुतरांनी घाण केलीय. धाप लागली ना? चर्चच्या मनोऱ्याच्या बासष्ट पायऱ्या चढून आलात, तर आता माझी गोष्ट ऐकूनच जा.

मी एक जुना डबा आहे, तंबाखूच्या डबीएवढा. पोटात हिरवी पट्टी, तिच्यावर मुंगीएवढं डोकं. मोबाईलवरून हुकूम आला की मी मोटारीला सांगतो, मोटार घंटा हलवते.

आधी हे काम अंब्रुशकाका दोरानं करायचा. चाळीस वर्षं. त्याचा खांदा गेला म्हणून मला आणलं. दोर उतरवला, घंटेचं चाक मोटारीच्या साखळीला जखडलं, आता हातानं ढकललं तरी हलत नाही. मिस्त्रीनं पाद्रीबाबांचा टॅब, मास्तरांचा अन् काकाचा मोबाईल मला जोडून दिला. दुपारी बाराची घंटा आपोआप, बाकीची सांगाल तशी. आमच्या गावात बाप्या गेला की घंटेचे तीन फेरे, बाई गेली की दोन.

एका रविवारी मास्तरांचा मोबाईल कुणा टवाळाच्या हाती लागला अन् दोन फेरे वाजले. अख्खं गाव रस्त्यावर. "कोण गेली?" सगळ्या बायका दिसल्या, काकाची बायको इलका तेवढी दिसेना. काका अनवाणीच घराकडं धावला. तर ही दारात बटाटे सोलत उभी!

"काय रे म्हाताऱ्या, मी मेले म्हणून पळतोयस का जेवण राहिलं म्हणून?"

गाव हसलं. काका नाही हसला. त्याच दिवशी वर येऊन त्यानं आपला मोबाईल सोडून बाकी सगळे माझ्यापासून तोडले, जोडणीचा नवा आकडा घातला. आता त्या आकड्याशिवाय मला कुणी जोडूच शकत नव्हतं.

मिस्त्री फोनवर म्हणाला, "काका, कुठंतरी लिहून ठेवा."

"लिहिलं की कुणीतरी वाचतं!"

मार्चात काकाचा मोबाईल पाण्याच्या पिंपात पडून मेला. आठवड्यानं काका झोपेतच गेला.

इलका पाद्रीबाबांचा टॅब घेऊन वर आली. गुडघे धरत. काकाचा वाढदिवस घातला. नाही. लग्नाची तारीख. नाही. लेकाचा वाढदिवस. तोही नाही. तीन चुका झाल्या की मी कुलूप लावून घेतो. मला बनवलंच तसं. तिनं मला बुक्की मारली.

"सूप खायची वेळ झाली की रोज बोंबलतोस मेल्या, अन् माझ्या म्हाताऱ्याला तुझी जीभ झडली?"

मिस्त्रीला यायला आठवडा लागणार होता, पुरायचं दुसऱ्या दिवशी. सगळ्या गावाला घंटेनं पोचवणारा माणूस मुकाट गेला. माती देऊन माणसं परतत होती, तेवढ्यात बारा वाजले अन् मी आपला टणाटण! एवढी लाज मला कधी वाटली नाही.

मिस्त्री पुढं आलाच नाही. बाराची वाजतेय ना, म्हणून कुणी हट्टही धरला नाही.

आकडा होता शून्य आठ एक आठ. आधी महिना, मग दिवस: ऑगस्टची अठरा, इलकाचा नावदिवस, म्हणजे तिच्या नावाच्या संतिणीचा दिवस. तिला सगळ्यांचे दिवस आठवले, आपला तेवढा सुचला नाही.

मित्रांनो, माझ्या मागं बारीक भोक आहे. पेन्सिलीचं टोक आत घालून दहा मोजा, कुलूप निघेल. मग तो आकडा घालून तुमचा मोबाईल जोडा. तो आकडा पाद्रीबाबांना सांगा, वहीत लिहून ठेवा म्हणावं. पण ते नंतर. इलकाची स्वयंपाकघराची खिडकी इकडंच उघडते, अन् आत्ता ती घरी आहे. आधी तीन फेरे वाजवा.