पाहुण्यांसाठी राखलेली पिल्लं

टबातलं पाणी बदलायचं काम मधलीच्या गळ्यात पडलं होतं. तीन बहिणींतली मधली म्हणून आई तिला तशी हाक मारायची. ती हाक कुणीतरी फोनवर ऐकली, आणि परदेशातल्या या बेटावर अभ्यासाला आलेल्या अख्ख्या तुकडीत तेच नाव झालं.

काम कुणालाच नको होतं, कारण वास. कासवाची पिल्लं टबातच हगतात, मासळीचा चुरा तळाशी कुजतो, भुकेली पिल्लं एकमेकांचे पाय कुरतडतात. आज पाणी ओतताना हाताला दोन मेलेली लागली, बुळबुळीत.

वाळूतून वर आलेलं पिल्लू त्याच रात्री समुद्रात गेलं पाहिजे, अंगातली शिदोरी तेवढ्याच पोहण्याची असते, हे कासवांचं केंद्र चालवणाऱ्या सरांनीच फळ्यावर लिहून शिकवलं होतं. आणि सरांनीच ही पिल्लं सोमवारपासून कोंडून ठेवली होती.

"सर, आज सोडू या ना. निम्मी सुस्त पडलीत."

"अगं, शनिवारी देणगीदार येतायत. त्यांना काय रिकामा टब दाखवू?"

"पण तुम्हीच शिकवलंत..."

"शिकवलं ते परीक्षेत लिही. केंद्र जगलं तर कासवं जगतील. आणि पुढच्या कॉलेजसाठी माझी शिफारस हवीय ना तुला?"

संध्याकाळी सगळे चहाला बसले तेव्हा मधलीने टब उचलून पाण्याच्या कडेला आडवा केला. काही पिल्लं सरळ लाटेत गेली. काहींना ढकलावं लागलं.

"सर तुझी चटणी करतील, मधले," मागून काकू म्हणाली. काकू म्हणजे खोलीतली मैत्रीण, विशीतच साठीचे सल्ले देणारी.

"करू देत. चटणीचा वास टबापेक्षा तरी बरा येईल."

सरांनी रिकामा टब पाहिला आणि मान फिरवून ते चहाला परत गेले. त्यांना लाज वाटली असावी, असं मधलीला वाटलं. लाज, आणि सरांना. गाढवच होती ती.

शनिवारी सकाळी किनाऱ्यावर तोच टब, कोरडा, आणि पुन्हा पिल्लांनी भरलेला. मधली वाकली. पिल्लं डोळे मिटून पडली होती. प्रत्येकाच्या पोटाला पिवळ्या बलकाची पिशवी लोंबत होती. ती धावत घरट्यांभोवतीच्या कुंपणाकडे गेली. आठवडाभराने ज्यातली पिल्लं बाहेर यायची होती ते तिथलं दुसरं घरटं उकरलेलं होतं. फाडलेल्या अंड्यांवर माश्या बसल्या होत्या.

ती परतली तोवर पाहुणे टबाभोवती जमले होते.

"हस जरा," सर हळूच म्हणाले. "कॅमेरा इकडेच आहे."

"ही पिल्लं अंडी फाडून काढलीत," मधली सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "हा बलक अजून पोटात जायचाय. पाण्यात सोडलीत तर मरतील."

सर हसले. "मुलगी जरा हळवी आहे."

कुणीतरी भडकेल, निदान विचारेल, म्हणून मधली एकेका तोंडाकडे बघत राहिली. मोठ्या टोपीवाल्या बाई पुढे झाल्या, टबात डोकावल्या आणि त्यांनी नाकाला रुमाल लावला.

"ई. हे पुसून मिळेल का? फोटोत पिवळं दिसेल."

मधलीला टबाच्या वासाने आली नव्हती एवढी शिसारी आली. ती गुडघ्यांवर बसली आणि ओंजळीने ओली वाळू टबात भरू लागली, पिल्लं झाकली जाईपर्यंत. आणखी आठवडाभर अंधारात, ओलाव्यात राहिली तर काही तगतील. सगळी नाहीत. तिने एक कडी धरून टब उचलायला घेतला.

"टब खाली ठेव, मधले. शिफारस विसर माझी."

"विसरले."

टब जड झाला होता. काकूने दुसरी कडी धरली. या वेळी तिच्याकडे सल्ला नव्हता.

मागे सर पाहुण्यांना रिकाम्या वाळूवर रांगेत उभं करत होते. उंच मागे, बुटके पुढे. टोपीवाल्या बाई मधोमध.

"सगळ्यांनी समुद्राकडे हात करा," सर सांगत होते. "सोडतोय असं वाटलं पाहिजे."